नाकाचं माप आणि लग्नाचं कार्ड

(कल्याणला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या दोन-चार मित्रांनो,

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘वंश, जीवशास्त्र आणि समाजधोरण’. तो वाचून आत्ता चहाच्या वेळी एकीनं मला विचारलं, ‘ताई, वंश-बिंश हे अमेरिकेतलं, आफ्रिकेतलं. आपल्याकडे जात असते. त्याचं इथे काय काम?’ प्रश्न रास्त आहे. मी अठ्ठावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं आणि या प्रश्नाचं उत्तर पाठ्यपुस्तकात कधी नव्हतं. ते आपल्या आजूबाजूला मात्र भरपूर होतं. डोंबिवलीच्या कुठल्याही वधूवर सूचक मंडळात जाऊन वह्या चाळा. गोरी, निमगोरी, घारी, सडपातळ, नाकीडोळी नीटस, आणि त्याच ओळीत जात, पोटजात, गोत्र. मुलाच्या ओळीत पगार आणि जागा. म्हणजे कुळाचं जे काही ‘रक्त’ म्हणून राखायचं असतं, ते कोणाच्या शरीरावर वाचलं जातं हे त्या वह्या सांगतात. गोरं करणारं मलम १९७५ साली बाजारात आलं आणि २०२० साली त्याच्या नावातून फक्त ‘फेअर’ हा शब्द गेला. मलम आहेच. पण हा विषय तुम्हाला पाठ आहे, त्यावर मी वेळ घालवणार नाही. मला आज त्याच्या मागचं सांगायचंय. ही मोजणी शास्त्राच्या नावाखाली कशी झाली, त्यातून कायदे कसे निघाले, आणि आता पुन्हा रक्ताच्या तपासण्या आपल्या दारात आल्या आहेत तेव्हा आपण काय विचारायचं.

सुरुवात नाकापासून करू. हर्बर्ट रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी १९०१ च्या खानेसुमारीचा प्रमुख होता. त्याच्या मते जात म्हणजे मुळात वंश. तो सिद्ध करायला त्यानं नाक निवडलं. नाकाची रुंदी घ्यायची, तिला लांबीनं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. आकडा लहान आला तर नाक चाफेकळी, मोठा आला तर बसकं. रिस्लेचं म्हणणं असं, की नाक जितकं रुंद तितकी जात खाली. लोखंडी चिमट्यासारखं एक मोजमापाचं यंत्र असायचं, ते घेऊन त्याची माणसं गावोगाव हिंडली. १९०८ साली त्याचं पुस्तक निघालं. आज आपल्याला माहीत आहे, की नाकाच्या रुंदीचा संबंध पूर्वज कुठल्या हवेत राहिले, हवा उष्ण-दमट होती की थंड-कोरडी, याच्याशीही आहे. डोक्यात काय आहे याच्याशी तर तिचा काडीचा संबंध नाही.

या आकड्यांचं पुढे काय झालं बघा. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात हीच मापं पुन्हा तपासली. आणि १९४८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मूळचे कोण होते यावरच्या ग्रंथात ती हातात घेतली. बाबासाहेबांनी प्रांताप्रांतातली मापं समोरासमोर ठेवली आणि दाखवलं, की एकाच प्रांतातल्या ब्राह्मणाचं आणि अस्पृश्याचं नाक मोजलं तर त्यांचे वंश वेगळे ठरत नाहीत. ज्या फूटपट्टीनं तुम्ही आम्हाला वेगळं ठरवलंत, तीच घ्या आणि मोजा. वकिली बाणा म्हणतात तो हा. फूटपट्टीच मुळात खोटी होती असं मी एक शिक्षिका म्हणून म्हणेन, पण त्या काळात ज्या कोर्टात खटला चालला होता, तिथे तोच पुरावा मानला जायचा.

त्याआधी, १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या न झालेल्या भाषणात, त्यांनी याहून मोठा मुद्दा मांडला होता. तेव्हा काही शिकलेली मंडळी जातीचं समर्थन सुप्रजननाच्या भाषेत करू लागली होती. म्हणजे, आपले पूर्वज मोठे दूरदर्शी, त्यांनी जातीतच लग्नं लावून उत्तम बीज राखलं. बाबासाहेबांचा सवाल असा, की बीज इतकं राखलंत तर प्रजा अशी खुरटलेली, सैन्यभरतीत नापास होणारी का? आणि पंजाबातला ब्राह्मण पंजाबातल्या चांभाराला वंशानं जवळचा, का मद्रासच्या ब्राह्मणाला? माझ्या वर्गात हा परिच्छेद वाचून दाखवला की पहिल्या बाकावर जरा चुळबुळ व्हायची.

ही सुप्रजननाची भाषा आपल्या मराठी घरांत पुष्कळ बोलली जायची. कादंबरीकार म्हणून आपल्या आयांनी, आज्यांनी ज्यांना वाचलं त्या ना. सी. फडक्यांनी १९२७ साली इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, ते भारतात सुप्रजननाची चळवळ हवी हे सांगण्यासाठी. संततिनियमनाच्या चळवळीत ही भाषा मिसळलेली होती हे आपण लपवू नये. र. धों. कर्वे १९२१ पासून मुंबईत केंद्र चालवत होते, लोकांच्या शिव्या खात होते, ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते, ते आपले पूर्वज. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला आणि पडला, तोही आपल्या परंपरेतला. पण बाईला किती मुलं हवीत हे बाईनं ठरवायचं, आणि कोणाला मुलं व्हावीत हे सरकारनं ठरवायचं, या दोन अगदी उलट गोष्टी आहेत. दोन्हींसाठी साधन तेच असतं, दवाखाना तोच असतो. म्हणून घोटाळा होतो.

आता जरा इरावतीबाईंकडे येते. इरावती कर्वे आपल्याला ‘युगान्त’मुळे माहीत. र. धों. त्यांचे थोरले दीर. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्म, तिथल्या नदीवरून नाव. मुंबईत घुर्यांच्या हाताखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ साली एकट्या बर्लिनला गेल्या. ज्या संस्थेत गेल्या तिचं नाव नीट ऐका: मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांची कैसर विल्हेम संस्था. ती निघून जेमतेम वर्ष झालं होतं. प्रमुख ऑयगेन फिशर. या गृहस्थांनी १९०८ मध्ये आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, मिश्र विवाहांतून झालेल्या लोकांची मापं घेतली होती. त्याच वसाहतीत त्याच्या आदल्या चार वर्षांत हेरेरो आणि नामा लोकांचं शिरकाण झालं होतं. मोजणारा नेहमी मारणाऱ्याच्या मागोमाग पोचतो, असं मला हे वाचताना वाटलं होतं.

फिशरनं इरावतीबाईंना काम दिलं कवट्यांचं. माणसाची कवटी डावी-उजवी अगदी सारखी नसते. फिशरची अटकळ अशी, की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीत ही विषमता विशिष्ट प्रकारची असणार, आणि तिचा संबंध त्यांच्या बुद्धीशी असणार. इतर वंशांत ती तशी नसणार. तेवीस वर्षांची ही मराठी मुलगी संस्थेत बसून शंभराहून अधिक कवट्या मोजत होती. त्यातल्या काही वसाहतींमधून आणलेल्या, म्हणजे कोणाच्या तरी घरातल्या माणसांच्या. मोजून झाल्यावर तिला दिसलं, की डाव्या-उजव्याचा फरक सगळीकडेच आहे आणि वंशाशी त्याचा संबंध लागत नाही. तिनं ते तसंच लिहिलं. ज्याच्या हातात आपली पदवी, त्याच्याच संस्थेत बसून, परक्या भाषेत. १९३० साली तिला डॉक्टरेट मिळाली.

मला ही गोष्ट फार आवडते, पण ती इथेच थांबवून टाळ्या घेतल्या तर ते खोटं होईल. इरावतीबाई परत आल्या आणि त्यांनी मोजणं सोडलं नाही. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. महाराष्ट्रातल्या जातीजातींची डोकी, नाकं, उंची त्यांनी मोजली, पुढे वि. म. दांडेकरांबरोबर १९५१ साली त्याचं पुस्तकही केलं. त्यांना दाखवायचं होतं ते असं, की आपण एका नावाखाली घालतो त्या जाती, उदाहरणार्थ चित्पावन आणि देशस्थ, एकाच मुळाच्या फांद्या नाहीत, वेगवेगळे गट शेजारी येऊन बसले आहेत. वंशाची उतरंड त्यांनी मानली नाही, पण गटागटाचं शरीर वेगळं असतं आणि ते चिमट्यानं सापडतं, हा विश्वास सुटला नाही. खोटी उतरंड नाकारणं एक आणि मोजण्याची गोडी सुटणं दुसरं. दुसरं फार अवघड.

बर्लिनच्या त्या संस्थेचं काय झालं? जुलै १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारनं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. आनुवंशिक रोग असलेले, मतिमंद ठरवलेले, वेड लागलेले, दारुडे. सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यात जे हजारो दगावले, ते बहुतेक बायका होत्या, कारण बाईचं पोट उघडावं लागतं. काळे सैनिक आणि जर्मन बायका यांची ऱ्हाइनकाठची मुलं १९३७ मध्ये गुपचूप निर्बीज केली गेली, त्यासाठी मापं घेऊन शेरे द्यायला फिशरसारखे शास्त्रज्ञ होते. फिशरनंतर जो प्रमुख झाला त्याचाच मदतनीस योसेफ मेंगेले आउश्वित्झला होता. आणि हे फक्त जर्मनांचं पाप असंही नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यानं १९०७ सालीच असा कायदा केला होता. १९२७ साली कॅरी बक या तरुणीच्या नसबंदीला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मंजुरी दिली. कॅरीवर बलात्कार झाला होता, त्यातून मूल झालं, आणि ते मूल हाच तिच्या ‘कमी बुद्धी’चा पुरावा धरला. ती मुलगी पुढे शाळेत चांगल्या गुणांनी पास होत होती.

आपल्याकडचं? १९७६ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. तीन मुलांनंतर सक्ती. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, नाहीतर देशात पहिला मान आपला होता. आणि फेब्रुवारी १९९४. आपल्यातल्या ज्या तेव्हा चळवळीत होत्या त्यांना ते दिवस आठवत असतील. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढायला सुरुवात झाली. कारण काय, तर पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता ठेवता येत नाही. संघटनांनी आवाज उठवला म्हणून ते थांबलं, पण अनेकींवर तोपर्यंत शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. तेव्हा बऱ्याच सुशिक्षित माणसांनी आपल्याला विचारलं होतं, ‘तुम्ही धुणार का त्यांचे कपडे?’ म्हणजे पुरेशा आया नेमायच्या नाहीत, पुरेसं पाणी द्यायचं नाही, आणि अवयव जास्त झाला म्हणून काढून टाकायचा. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं चंडीगडच्या एका खटल्यात सांगितलं, की अशा बाईच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही. पंधरा वर्षं लागली.

इतकं ऐकल्यावर कोणीही म्हणेल, की मग हे जीवशास्त्र नकोच. सगळं समाजानं रचलेलं. मी असं म्हणणार नाही, आणि त्याचं कारण इथून दोन स्टेशनांवर आहे.

उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवले, १९४९ मध्ये त्या वस्तीला नाव मिळालं. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक बऱ्याच प्रमाणात आढळतात. ज्यांच्या घरी थॅलेसेमिया मेजरचं मूल आहे त्यांना विचारा, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, अंगात साठलेलं लोह काढायला औषधं घ्यायची, जन्मभर. हे काही कोणी रचलेलं नाही, ते खरंच रक्तात आहे. हिशेब साधा आहे. एकच जोडीदार वाहक असेल तर मुलाला हा आजार होत नाही, फार तर मूल वाहक होतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. वाहक स्वतः आजारी नसतो.

मग हा आजार सिंध्यांचा आहे का? तर नाही. तो सायप्रसमध्ये आहे, ग्रीसमध्ये आहे, पंजाबी, लोहाणा, बंगाली सगळ्यांत आहे. मलेरियाच्या प्रदेशात वाहकाला थोडं संरक्षण मिळतं म्हणून ही जनुकं टिकली. सिकलसेलचंही तेच. भारतात तो पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये दिसला, म्हणून आदिवासींचा आजार म्हणतात. तोच आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये आहे, आणि विदर्भात दलित आणि इतर मागास जातींतही. मलेरियाचा डास जातीचा दाखला बघत नाही.

एखाद्या गटात तो साठून का राहतो, हा मात्र आपल्या विषयाचा गाभा आहे. हैदराबादच्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं, की भारतातले लोक सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळत होते. उत्तरेचे, दक्षिणेचे, आज उच्च म्हणवणारे, आज आदिवासी म्हटले जाणारे, जवळजवळ सगळेच. मग ते थांबलं. गटातच लग्नं होऊ लागली. म्हणजे जात हे रक्ताचं फळ नाही. जातीचा नियम आधी, आणि त्या नियमानं पिढ्यान्‌पिढ्या रक्तावर खुणा केल्या. रिस्लेनं गाडं घोड्याच्या पुढे जुंपलं होतं. आणि हा नियम पाळायला पहारा कोणावर होता? मुलीवर. तिचं वय, तिचं घराबाहेर जाणं, तिचं लग्न. आजच्या जनुकांच्या तक्त्यांत जे आकडे दिसतात, ते माझ्या मते आपल्या बंदिवासाची नोंदवही आहेत.

आता आपल्या कामाचं. माझी एक विद्यार्थिनी होती. नाव, गाव सांगत नाही. साखरपुड्यानंतर तिच्या रक्ताची तपासणी झाली, ती थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक निघाली. आठवड्यात मोडलं. ती माझ्याकडे आली तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, ‘मुलाचा रिपोर्ट काय?’ ती म्हणाली, ‘मॅडम, त्याची केलीच नाही. त्याची कशाला, म्हणाले.’ मुलगा वाहक नसता तर या लग्नात काही धोका नव्हता. असला तरी गरोदरपणात तपासणी करता येते, पर्याय असतात. पण तिथे आजाराचा हिशेब चाललाच नव्हता. मुलगी ‘डागी’ आहे का एवढंच बघायचं होतं. पुढे तिच्या धाकट्या बहिणीचीही अडचण झाली.

हेच आता सरकारी पातळीवर होऊ घातलं आहे, म्हणून सावध राहायचं. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, प्रत्येकाला कार्ड. लग्न ठरवताना पत्रिका जुळवता तशी कार्डं जुळवा, असं सांगितलं जातं. तपासणीला माझा विरोध नाही, उलट ती इतक्या उशिरा का आली असं मी विचारीन. पण आपल्या मुरबाड-शहापूरच्या वाड्यांमध्ये कातकरी, ठाकर, वारली मुलीच्या हातात ते कार्ड पडलं की काय होईल, याचा विचार त्या कागदावर नाही. ‘निर्मूलन’ हा शब्दही मला टोचतो. आजाराचं करायचंय, का आजारी माणूस जन्मू नये एवढंच?

कातकऱ्यांचं उदाहरण घ्या. दिवाळी झाली की उचल घेऊन कुटुंबं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, पावसाच्या तोंडावर परततात. सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका कशानं येतो? अंगातलं पाणी कमी झालं की, ताप आला की, अतिश्रम झाले की. भट्टीची धग, प्यायचं पाणी लांब, बाई सातव्या महिन्यातही चिखल तुडवते आहे. तिच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात ते जनुकानं खरंच, पण फेब्रुवारीतल्या त्या दुपारी त्या वाकल्या ते कामाच्या अटींनी. गोळ्या गावच्या उपकेंद्रात आणि बाई भट्टीवर. हे ज्याला दिसत नाही तो तिच्या जमातीतच खोट आहे म्हणून मोकळा होतो, आणि आपण पुन्हा रिस्लेच्या चिमट्यापाशी येतो.

म्हणून पथक वस्तीत येईल तेव्हा आपल्यातलं कोणीतरी तिथे असायला हवं. निकाल चावडीवर मोठ्यानं वाचायचा नाही, ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. पोरांचं रक्तही पोरींइतकंच काढायचं, आणि लग्न ठरताना आधी मुलाचं कार्ड मागायचं, हे आयांना शिकवायचं. भट्टीच्या मोसमात औषध भट्टीवर पोचलं का, हे विचारायला आरोग्य अधिकाऱ्याकडे जायचं, एकदा नाही, दर महिन्याला.

मघाशी चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय, तो घेते आणि बसते. ‘मग सगळ्यांनी आंतरजातीय लग्नं केली तर हे आजार संपतील का?’ कमी होतील, कारण दोन सारखे वाहक भेटण्याची शक्यता घटते. पण समजा, उल्हासनगरचा थॅलेसेमियाचा वाहक मुलगा आणि शहापूरची सिकलसेलची वाहक मुलगी यांनी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, आजाराचं नावही वेगळं. तरीही त्यांच्या प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता असते, दोन्ही दोष एकत्र येऊन सिकल-थॅलेसेमिया होण्याची. तेव्हा अशा जोडीलाही तपासणी करून घ्यायला सांगा, दोघांनाही. आणि लग्न त्यांना करायचंय म्हणून करू द्या, रक्त सुधारायला नको.